पोर्तुगाल, सहा शुक्रवारांत

चिटणीसांच्या दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या फ्लॅटमध्ये त्या शुक्रवारी काचेचे एकूण अठरा प्याले निघाले. त्यांतले सहा लग्नात आहेर म्हणून आलेले, सोनेरी कडेचे, आणि म्हणूनच आजवर कधीही न वापरलेले. पाच पेट्रोल पंपावर टाकी भरली की फुकट मिळणारे. चार मुळात जॅमच्या बरण्या होत्या. एकीवर स्ट्रॉबेरीचं अर्धं चित्र अजून टिकून होतं. दोन खुणा असलेली मोजपात्रं, छायाने पुण्याहून येताना साडीत गुंडाळून आणलेली. आणि उरलेला एक, दांड्याचा. वाइनचा प्याला म्हणता येईल असा हा एवढाच. एका हॉटेलातल्या ऑफिस-पार्टीहून तो गुणवंत चिटणीसच्या कोटाच्या खिशातून आपणहून घरी आला होता.

जमणारी मोठी माणसं चारच होती, तेव्हा अठरा प्याले भरपूर झाले असं कुणालाही वाटेल. गुणवंतला तसं वाटलं नाही. त्याने कुठेतरी वाचलं होतं की प्रत्येक वाइनला तिच्या आकाराचा प्याला लागतो. त्याने अठराही प्याले मेजावर उंचीप्रमाणे लावले, दांड्याचा स्वतःपुढे ठेवला आणि जाहीर केलं की पोर्तुगालला सुरुवात झाली.

मुळात पोर्तुगालला जायचं होतं ते छायाला. जवळच्या वाचनालयात तिला त्या देशाचं एक सचित्र पुस्तक सापडलं होतं आणि ते तिने तीन वेळा मुदत वाढवून घरी ठेवलं होतं. एवढासा देश, आणि वर हिरवागार, मध्ये डोंगर, खाली कोरडा करपलेला. दर पन्नास मैलांवर पाव वेगळा आणि वाइन वेगळी. जाऊन बघू या, असं ती एकदा म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट. पहिली वॉशिंग मशीन होती.

गुणवंतने चौकशी केली. व्हिसासाठी अबू धाबीला जायचं, बँकेचे कागद द्यायचे, कंपनीचं पत्र द्यायचं आणि आपण परत येणार असल्याचा पुरावा द्यायचा. हे शेवटचं त्याला फार लागलं. मी काय तिथे बटाटे खणत राहणार आहे का, असं त्याने खडसावून विचारलं. व्हिसाच्या कारकुनाला नव्हे, घरी येऊन छायाला. मग त्याने आपला सिद्धांत मांडला. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं आपल्याकडे राहिले, ते काय व्हिसा काढून आले होते? बटाटा, पाव, काजू, साबण, चावी, पगार. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत आपण त्यांचेच शब्द वापरतो. म्हणजे निम्मा पोर्तुगाल आधीच घरात आहे. उरलेला निम्मा आणायला सहा शुक्रवार पुरे होतील, एका शुक्रवारी एक प्रांत. छायाने विचारलं, आणि त्या निळ्या फरशांच्या भिंती? गुणवंत म्हणाला की आपल्या बाथरूममध्ये निळ्या फरशा आहेतच.

हे २००१ साल. दुबईत बाटली घरी आणायची तर परवाना लागे, परवान्याच्या अर्जावर कंपनीचा शिक्का लागे, आणि गुणवंतच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत शिक्का मनदूबकडे असे. मनदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. तो इजिप्तचा होता आणि त्याचा आवाज मोकळ्या मैदानासाठी बनवलेला होता. त्याने अर्ज उलटसुलट पाहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "चिटनीस, हबीबी, यू? आय थॉट यू, ओन्ली मिल्क." हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. दुपारपर्यंत अकाउंट्सच्या माणसाने घरी सगळं ठीक आहे ना म्हणून हळूच विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तिघांनी आपापल्या न पिणाऱ्या मेव्हण्यांसाठी एकेक बाटली मागून ठेवली.

परवान्यात आणखी एक अपमान दडलेला होता. महिन्याला किती खरेदी करता येईल हे पगारावर ठरे. समोरच्या फ्लॅटमधला उपेंद्र विमा कंपनीत होता. आकडा दिसला की त्याला त्याच्या पोटातला आकडा काढता येई. त्याने परवान्यावरची मर्यादा वाचली, छताकडे पाहिलं आणि गुणवंतचा पगार शंभर दिरहमच्या फरकाने बरोबर सांगितला. "म्हणजे आपल्याकडचे बावन्न हजार झाले," तो म्हणाला, "मला वाटलं होतं जास्त असेल." गेली सहा वर्षं गुणवंतचीही तीच खटपट होती, की लोकांना तसं वाटावं.

तरीही उपेंद्र आणि त्याची बायको मृणालिनी यांनाच मोहिमेत घ्यावं लागलं, कारण एकट्याने देश जिंकला तर तो पाहणार कोण?

पहिला प्रांत उत्तरेचा, मिन्यो. तिथलं जेवण म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. गुणवंतने तो सुपरमार्केटातून आणला तेव्हा रिद्धीला, म्हणजे त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला, बाबांनी बॅट आणली असं वाटलं. हा मासा दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा असतो. गुणवंतने तो बुधवारी बाथटबमध्ये सोडला आणि पाणी बदलायचं काम छायाकडे दिलं. गुरुवारी दुपारी वास एसीच्या वाटेने वरच्या तिन्ही मजल्यांवर पोहोचला. वॉचमनला वाटलं मांजर मेलं. त्याने बिल्डिंगच्या मेन्टेनन्सवाल्यांना बोलावलं, त्यांनी चिटणीसांच्याच बाथरूमबाहेरच्या पाइपाचं झाकण उघडलं आणि मग मात्र खरोखरच वास आला. "बाबा, आय कॅन नेव्हर फेस एनीवन इन धिस बिल्डिंग अगेन," रिद्धी म्हणाली आणि मैत्रिणीकडे आंघोळीला गेली. शुक्रवारी मासा शिजला. खारटपणा तसाच होता. उपेंद्रने सहा ग्लास पाणी पिऊन निर्णय दिला की यापेक्षा आपलं सुकट बरं. मृणालिनीची एकादशी होती. तिने आपली साबुदाण्याची खिचडी बरोबर आणली होती, आणि शेवटी सगळ्यांनी तीच खाल्ली.

दुसरा शुक्रवार दक्षिणेचा, आलेंतेजूचा. शिळा पाव, लसूण, कोथिंबीर आणि वरून गरम पाणी. मृणालिनीने चमचा फिरवला आणि ही तर फोडणीची पोळी, फोडणी विसरलेली, असं म्हणाली. तिसऱ्या शुक्रवारी बाइराडा, जिथे डुकराचं अख्खं पिल्लू भाजतात. त्या दिवशी उपेंद्रकडे कसलासा नवस निघाला. गुणवंतने तडजोड म्हणून अख्खा सुरण भाजला. त्यात पिल्लाचा आकार आणायचा प्रयत्न त्याने केला नाही असं म्हणता येणार नाही.

वाइनबद्दल बोलायचं काम गुणवंतने स्वतःकडे ठेवलं होतं. तो एका मासिकातली वाक्यं पाठ करून येई. दांड्याचा प्याला गोल फिरवून तो "खोल", "प्रामाणिक", "थोडी लाजरी" असं म्हणे, जणू स्थळ बघायला आला आहे. छाया पीत नसे. ती प्याला नुसता नाकाशी नेई आणि खाली ठेवी. पहिल्या शुक्रवारी मृणालिनीने तिला सहज विचारलं, कसला वास येतो गं? छाया म्हणाली, "हिरवं सफरचंद. ओली पाटी. आणि मागे अगदी थोडा, गॅस पेटवायला लायटरची ठिणगी उडते ना, तो." मृणालिनीने वास घेतला आणि म्हणाली, अगंबाई, खरंच. गुणवंत म्हणाला की मासिकात पाटीचा उल्लेख नाही.

छाया रसायनशास्त्रातली एम.एस्सी. लग्नाआधी ती हडपसरच्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात सुगंध तपासायची. कुठल्या पिंपातलं चंदनाचं तेल भेसळीचं आहे हे ती बूच काढताच सांगे. दुबईत आल्यावर तिच्या पासपोर्टात गृहिणी असा शिक्का बसला आणि त्याखाली काम करण्यास परवानगी नाही असं अरबीत आणि इंग्रजीत. त्यानंतरची नऊ वर्षं त्या नाकाने दूध लागलंय का आणि रिद्धीच्या डब्यातली भाजी टिकेल का एवढंच पाहिलं.

चौथा शुक्रवार दोउरू नदीचा. त्यासाठी उपेंद्रने आपल्या ओळखीच्या एका गृहस्थांना आणायचं ठरवलं. फुर्तादो नावाचे हे मूळचे मडगावचे, वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीत चव तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख. मराठी ते बेळगावात शिकले होते. अशा माणसापुढे आपली मोहीम जाणार म्हटल्यावर गुणवंतची झोप उडाली. त्याने मासिकात वाचलं की दोउरूच्या तांबड्या वाइनला बाटलीतून काढून रुंद भांड्यात बराच वेळ श्वास घेऊ द्यावा लागतो. असं भांडं घरात नव्हतं. उपेंद्र म्हणाला, त्यात काय, तांब्याची कळशी आहे ना तुमच्याकडे? रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी किती गुणकारी असतं. वाइनला दुप्पट गुण येईल.

कळशी गुणवंतच्या आईची होती. गुरुवारी रात्री त्याने दोन बाटल्या उघडल्या. छाया कणीक मळता मळता थांबली.

"अहो, कल्हई नाहीये तिला. वाइन आंबट असते. कळकेल."

"ताक आहे का ते?" गुणवंत म्हणाला.

छायाने हात धुतले, एका मोजपात्रात बाटलीतली थोडी वाइन काढून घेतली, वर बशी झाकली आणि फ्रिजमागे ठेवून दिली. बाकीची गुणवंतने कळशीत ओतली.

शुक्रवारी दुपारी फुर्तादो आले. त्यांच्यासाठी गुणवंतने दांड्याचा प्याला सोडला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. कळशीतून वाइन ओतली गेली. उपेंद्रने मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि दर्जेदार असं म्हणाला. गुणवंतने घोट घेतला. जिभेवर जुन्या नळाची तोटी चाटल्यासारखं काहीतरी झालं, पण मोठी वाइन आपल्याला कळेल अशी असेल तर ती मोठी कसली? त्याने नदीकाठच्या पाटीच्या दगडांविषयी, द्राक्षमुळांनी शोषलेल्या खनिजांविषयी तयार केलेलं भाषण सुरू केलं. फुर्तादोंनी प्याला नाकाशी नेला आणि न पिता मेजावर ठेवला.

"खनिज आहे खरं," ते म्हणाले.

"कळकलंय ते," छाया स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

फुर्तादोंनी वळून पाहिलं. गोव्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी विचारलं, बाई, मुळात ही कशी होती ते कुणाला कळणार आता? छायाने फ्रिजमागून मोजपात्र आणलं. पडताळ्यासाठी वेगळी ठेवली होती, असं ती म्हणाली. प्रयोगात तुलनेला एक नमुना बाजूला ठेवतात, तसा. फुर्तादोंनी तिला बोलायला सांगितलं. ती पाच मिनिटं बोलली असेल. काळी मनुका, लवंग, ऊन लागलेला दगड, नव्या बुटाच्या खोक्याचा वास, आणि तळाशी एक किंचित कुबट, म्हणजे बूच नीट नव्हतं. फुर्तादोंनी खिशातून चष्मा काढून बूच पाहिलं.

"कुठे शिकलात?"

"हडपसरला," छाया म्हणाली.

त्यानंतर फुर्तादोंनी गुणवंतला एकही प्रश्न विचारला नाही. एकही. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. उपेंद्रला संध्याकाळपासून मळमळू लागलं आणि त्याने त्याचा दोष तीन आठवड्यांपूर्वीच्या माशाला दिला.

रविवारी फुर्तादोंचा फोन आला. त्यांच्या विभागात एक जागा होती. पिंपं, बाटल्या, नमुने तपासायचे. गिळायची सक्ती नाही, सगळेच थुंकतात. वर्षातून एकदा पोर्तुगालला द्राक्षांच्या हंगामात जायचं. छायाने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता, पण भात करपला होता आणि तिला वास आला नव्हता. एक छोटी परीक्षा होती, चाळीस नमुने ओळखायचे. आणि ती नवऱ्याच्या व्हिसावर असल्यामुळे नवऱ्याची हरकत नसल्याचं पत्र लागणार होतं.

अर्थात, गुणवंत म्हणाला. आपण आधुनिक माणसं आहोत. तो लगेच टायपिंग सेंटरमध्ये जाऊन अरबीत पत्र टाइप करून घेऊन आला, पंधरा दिरहम, म्हणजे दोनशे रुपये, असं त्याने दोनदा सांगितलं. सही तेवढी राहिली होती.

मग सल्ले आले. उपेंद्रने विचारलं, मंडळाच्या गणपतीत वहिनी आरतीला उभ्या राहतील, तेव्हा ओळख काय करून द्यायची, दारूच्या गोदामात असतात? हे विचारताना त्याच्या हातात गुणवंतच्या परवान्यावरची वाइन होती. गुणवंतला मुद्दा पटला. मनदूबला दुसरी बाजू दिसली. तो म्हणाला, नाउ मॅडम वर्क, चिटनीस ड्रिंक मिल्क अॅट होम, आणि पुन्हा सगळा हॉल हसला. मृणालिनी शाळेत शिकवायची, तिने मात्र गुणवंतला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं की भाऊजी, सही करून टाका. गुणवंतला बायकांनी जिन्यात गाठलेलं आवडत नसे.

खरं दुखणं निराळंच होतं. मोहीम कोणाची? परवाना कोणी काढला, शिक्क्यासाठी कोणी मान खाली घातली, बाथटब कोणी दिला? छायाला वाइनचा वास मिळाला तो आपण आणली म्हणून. तेव्हा परीक्षेला आपणही बसणार, असं त्याने फुर्तादोंना कळवलं. फुर्तादो जरूर या म्हणाले. शनिवारी रास अल खोरच्या गोदामात दोघं शेजारी शेजारी बसले, पुढे चाळीस-चाळीस प्याले, सगळे दांड्याचे. गुणवंतने चाळीसही घोट गिळले. परत येताना गाडी छायाने चालवली.

निकाल पुढच्या शनिवारी लागणार होता. कामगार खात्यात कागद मात्र बुधवारी जायचे होते, कारण कंपनीकडे एकच जागा मंजूर होती आणि तिची मुदत संपत होती. निकालाची काळजी करू नका, बाईंचं मला माहीत आहे, पत्र तेवढं द्या, असं फुर्तादोंनी दोनदा फोन करून सांगितलं. हे 'मला माहीत आहे' गुणवंतच्या मनात रुतून बसलं.

बुधवारी सकाळी छायाने चहाच्या कपाशेजारी पत्र ठेवलं आणि पत्रावर पेन.

"अहो, सही."

"निकाल शनिवारी आहे."

"कागद आज जाणार आहेत."

"छाया, तू विज्ञानाची. पुरावा हातात यायच्या आधी निष्कर्ष काढायचा?"

"हरकत नाही, एवढंच लिहायचंय," छाया म्हणाली. "मी हुशार आहे असं नाही लिहायचं."

"मला हरकत नाहीच आहे."

"मग तसं लिहा."

रिद्धी दप्तर भरत होती. "बाबा, इट्स जस्ट अ सिग्नेचर," ती म्हणाली. गुणवंतने तिला समजावलं की या देशात नुसती सही अशी गोष्टच नसते. मग त्याने पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि छायाच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, निकाल आला की त्याच मिनिटाला, इन्शाल्ला. त्या देशात नऊ वर्षं काढलेल्या कुणालाही या शब्दाचा ऑफिसातला अर्थ माहीत असतो.

दुपारी फुर्तादोंचा फोन आला तो छायाने घेतला. जागा त्याच परीक्षेला बसलेल्या, करामाच्या एका हॉटेलात काम केलेल्या सुजीत नावाच्या मुलाला गेली. ती बरं म्हणाली, आभार मानले, आणि मदेरा बेटाचा स्वयंपाक करायला लागली, कारण परीक्षेच्या गडबडीत एक आठवडा पुढे ढकललेला पाचवा शुक्रवार परवा होता.

तो शुक्रवार आधीच्या चारांपेक्षा चांगला झाला असं सगळ्यांचं मत पडलं. काहीही खारट नव्हतं, काहीही करपलं नव्हतं. लसूण आणि तमालपत्राचं मटण होतं, मृणालिनीसाठी वेगळी उसळ होती. मदेराची वाइन गोड, मधाच्या रंगाची. गुणवंत मोठ्या मनाचा माणूस होता. त्याने आपलं भाषण लांबवलं नाही आणि दांड्याचा प्याला सगळ्यांसमोर छायापुढे सरकवला. सांग, कसला वास येतो? उपेंद्रसुद्धा हातातला घास तसाच धरून थांबला. छायाने प्याला उचलला नाही.

"मला सर्दी झालीय," ती म्हणाली, आणि रिद्धीला पोळी वाढली.

शनिवारी निकाल गुणवंतच्या ऑफिसात फॅक्सने आला. मशीनशी मनदूब उभा होता. त्याने कागद फाडून घेतला, गुणवंत खुर्चीवरून उठेपर्यंत वाचला आणि मग सगळ्या हॉलला वाचून दाखवला. छाया चिटणीस, चाळीसपैकी अडतीस. सुजीत, चाळीसपैकी एकवीस. गुणवंत चिटणीस, चाळीसपैकी सात.